कुणाची नाळ कुठं पुरली

धोंडुबाईला खुर्ची पाहिजे होती. स्वतःला नव्हे, घराला. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सदस्यांसाठी लाल गादीच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर आपल्या उंबऱ्यातलं कुणीतरी बसलेलं तिला डोळे मिटायच्या आधी बघायचं होतं. आणि हे ती कुणापासून लपवून ठेवत नसे. डेअरीत दूध घालायला गेली तरी बोलायची, गिरणीत दळण टाकायला गेली तरी बोलायची.

याला कारण जुनं होतं. बायकांच्या राखीव जागा पहिल्यांदा आल्या तेव्हा धोंडुबाई तरणीताठी होती, सातवी शिकलेली होती, आणि भावकीच्या बैठकीत कुणीतरी तिचं नावही सुचवलं होतं. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "त्या कानडणीला कशाला? गावातल्या बायका मेल्यात व्हय?" धोंडुबाईचं माहेर कुरुंदवाडच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीत. लग्न होऊन आली तेव्हा ती मराठी बोलताना अडखळायची आणि रागावली की सरळ कानडीत शिरायची. बैठकीच्या वेळी ती दाराआड उभी होती. सासरा काही बोलला नाही, नवरा काही बोलला नाही, आणि ती स्वतःही गप्प राहिली. विषय तिथंच संपला. 'कानडीण' हा शब्द मात्र तिच्या मनात रुतला तो रुतलाच.

यंदा वॉर्ड पुन्हा बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा तिच्या थोरल्या मुलानं, सम्राटनं, आपल्या बायकोचा अर्ज भरला. 'क्रांतीनं अर्ज भरला' असं म्हणायची पद्धत आहे, पण क्रांतीनं नुसत्या सह्या केल्या. फ्लेक्सवर तिचा फोटो तळहाताएवढा, सम्राटचा गॉगल घातलेला फोटो पुरुषभर उंच, आणि खाली 'क्रांतीताईंना प्रचंड मतांनी विजयी करा'. क्रांती शाहूवाडीच्या डोंगरातली, भातशेतीवाल्यांच्या घरातली. बारावी झालेली, बचत गट चालवणारी, कमी बोलणारी. उभी राहतेस का, असं तिला कुणी विचारलं नाही. धोंडुबाईनंही नाही. तिला खुर्ची दिसत होती, तेवढं बस्स होतं.

गाव हातकणंगले तालुक्यातलं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. या वॉर्डात पूर्वी नुसता माळ होता. पलीकडं कारखाने आले, फौंड्र्या आल्या, आणि भट्टीपुढं उभं राहायला गावची पोरं तयार होईनात. सगळ्यांना सुपरवायझर व्हायचं होतं. मग बिहारहून, ओडिशाहून, यूपीहून माणसं आली. त्यांना राहायला जागा लागली, म्हणून ज्यांची माळावर जमीन होती त्यांनी तिथं पत्र्याच्या खोल्या ठोकल्या. धोंडुबाईनं आपल्या नावावरच्या तुकड्यात खोल्यांची एक ओळ उभी केली. नवरा गेल्यावर घर त्या भाड्यावर चाललं. सम्राटची बुलेटसुद्धा त्याच भाड्यातून आली, पण याची त्याला आठवण करून द्यायला कुणी नव्हतं.

आधी नुसते पुरुष होते. मग त्यांच्या बायका आल्या, पोरं शाळेत जायला लागली, रेशनकार्डं झाली, आणि हळूहळू मतदार यादीत नावंही लागली. या निवडणुकीला सगळ्यांच्या लक्षात आलं, की वॉर्डातली बरीच मतं आता खोल्यांमधली आहेत. आणि ती कुणीकडं जाणार हेही उघड होतं. समोर संयोगिता उभी होती. संयोगिता ही गावातल्याच बाळासोंची तिसरी लेक. मुलगा नाही म्हणून बाळासोंनी तिला बेळगावकडचा घरजावई आणलेला. ती कामगारांसाठी खानावळ चालवायची, कुणाचं पोर आजारी पडलं तर गाडीत घालून दवाखान्यात न्यायची, आणि तोंडानं इतकी फटकळ, की तिच्याशी भांडायचं तर माणूस घरून पाणी पिऊन जाई.

सम्राटनं यावर डोकं चालवलं. खोल्यांची मतं तिकडं जाणारच असतील, तर गावची सगळी आपल्याकडं ओढायची. म्हणून मारुतीच्या देवळापुढच्या सभेत त्यानं माईक हातात घेतला आणि आवाज चढवला.

"पावणं म्हणून आलासा, पावण्यावानी ऱ्हावा! कमवा, खावा, आमची ना न्हाय! पर गावचा कारभार कुणी बघायचा ह्ये कोण ठरवणार? ज्याची नाळ ह्या मातीत पुरलीया, त्यो! ज्याची नाळ हितं न्हाय, त्याचा ह्या गावावर हक्क न्हाय!"

शिट्ट्या पडल्या, हलगी वाजली. स्टेजवर धोंडुबाई बसली होती, तिनंही टाळ्या वाजवल्या. पोटचा पोर माईकवर असा गरजतोय म्हटल्यावर कुठली आई हात आवरेल? शेजारच्या खुर्चीत क्रांती डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिनं एकदा सासूकडं पाहिलं आणि मग स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. धोंडुबाईला ते दिसलं, पण सभेच्या गडबडीत तिनं ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिता प्रचाराला निघाली आणि दारादारात एकच सांगत सुटली. "सम्राटदादा लाख बोलला. माजी नाळ आमच्या गोठ्याच्या मागं पुरलीया, या, दावते. त्याच्या बायकूची कुठं पुरलीया? शाहूवाडीत! मग मत कुणाला द्यायचं, दादानंच सांगितलंय की!"

वॉर्ड दुपारपर्यंत हसत होता. सम्राट म्हणाला, हसू देत, हसणारे मत देत नसतात. पण धोंडुबाईला ते हसू खटकलं. ते किती महागात पडणार हे तिला हळदीकुंकवाचं बोलावणं करताना कळलं.

संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमी यायची होती, आणि या दिवसांत उमेदवाराच्या घरी हळदीकुंकू नसेल तर लोक त्याला उमेदवार म्हणत नाहीत. क्रांतीची निशाणी कपबशी, म्हणून वाणाला कपबशाच आणल्या होत्या. खोकीच्या खोकी परसात रचलेली. कुणी आचारसंहितेचं नाव काढलं की सम्राट म्हणे, घरी आलेल्या बायकांना चहा पाजायचा नाही काय? संयोगिताची निशाणी शिलाई मशीन. तिला वाण वाटणं परवडणार नव्हतं, यावर सम्राटच्या प्रचारातली पोरं फार खूश होती.

नवरा गेल्यापासून धोंडुबाई स्वतः हळदीकुंकवाला बसत नसे, पण बोलवायला तीच जायची. एरवी ती दारात उभी राहिली की बायका हातातलं काम टाकून बाहेर येत. यंदा पहिल्या घरात उत्तर आलं, "यायला काय हुतंय, पर माजी नाळ कागलात हाय." दुसऱ्या घरात, "आमी बाहेरच्या बायका. आमचं मत घेऊन काय करतासा?" तिसऱ्या घरात सासूसुना दोघींनी मिळून तेच सांगितलं, वर हसल्या. तेव्हा धोंडुबाईला पहिल्यांदा नीट उमगलं, की गावात सून म्हणून आलेली प्रत्येक बाई बाहेरची आहे. कोण पन्हाळ्याकडची, कोण कागलची, कोण मिरजेची. एकमेकींना त्या अजून माहेरच्या गावावरूनच ओळखतात. सम्राटनं नेम धरला खोल्यांवर आणि लागला गावातल्या चुलींवर.

शेवटी ती सलमाकडं गेली. सलमा ही बादशहा मिस्त्रीची बायको. खोल्यांचे लोखंडी दरवाजे बादशहानंच बनवलेले. सलमा माहेरची कुरुंदवाडची, म्हणून दोघी नव्या सुना असल्यापासून मैत्रिणी. एकाच बाजूचं पाणी प्यालेल्या. सलमानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि ऐकून घेतलं.

"मी येते की, तुज्याकडं तिळगूळ खायला मला बोलावणं लागतंय व्हय? पर एक इचारू, धोंडे?"

"इचार."

"तुजी नाळ कर्नाटकात, माजी कुरुंदवाडात. ते ऱ्हाऊ दे. सम्राटची कुठं पुरली?"

धोंडुबाईनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सम्राट थोरला. तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, त्याची नाळ आपल्या हातानं शेवग्याच्या बुडाशी पुरली होती. कर्नाटकात. आणि हे एकट्या सम्राटचं नव्हतं. गावातला जो जो थोरला म्हणून मिशीला पीळ देत फिरत होता, तो तो आईच्या माहेरी जन्मलेला. संयोगिता तिसरी, म्हणून तेवढी गावात झाली.

"कुणाफुडं बोलू नगं," धोंडुबाई म्हणाली.

"मी कशाला बोलतीया? पर तू टाळ्या कशापाय वाजवल्यास, त्ये मला कळंना."

ती घरी आली ती तणतणत. "तुला अक्कल हाय का? समद्या बायका रुसून बसल्यात!" सम्राट मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "बायकांचं येगळं हाय आई. त्या लगीन करून आणलेल्या. त्यास्नी कोण बाहेरचं म्हणतंय?" मला म्हणत होते, असं धोंडुबाईच्या ओठांवर आलं, पण तोवर त्यानं पुढचं काढलं. "तू खोल्यांवर जा. भाडेकरूंस्नी सांग, कपबशी न्हाय तर खोली न्हाय. निकाल उलटा लागला तर दुसऱ्या दिवशी बोचकी बांधायची. तुजं ऐकत्यात."

क्रांती भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

धोंडुबाई दुसऱ्या दिवशी दुपारी खोल्यांवर गेली. जाताना तिनं मनाशी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पहिल्या खोलीत रिंकी राहायची, बिहारची. नवरा फौंड्रीत, मुलगी मराठी शाळेत. रिंकी पालक निवडत बसली होती. ती उठली, स्टूल पदरानं पुसलं आणि म्हणाली, "अम्मा, बैठो. चाय पिओगी?"

इतक्या वर्षांत धोंडुबाई दर महिन्याला भाडं घ्यायला यायची ती दारातूनच परत जायची. त्या दिवशी ती बसली. ऊन होतं, पाय दुखत होते, आणि जे बोलायचं होतं ते उभ्यानं बोलवेना.

"मत कुणाला देणार तुमी?" तिनं चहा घेता घेता विचारलं.

रिंकी हसली. "अम्मा, उधर चुनाव होता था तो फोन आता था, आ जाओ, रेल का टिकट हम देंगे. अब उधर से नाम कट गया. सास बोलती है, तू तो महाराष्ट्रवाली हो गयी. इधर वो भैया माईक पे बोले, तुमचा हक्क न्हाय." हे शेवटचं तिनं अगदी सम्राटच्या ठसक्यात म्हटलं. "तो हम किधर के, अम्मा?"

धोंडुबाई माहेरी गेली की भावजय शेजारणींना सांगायची, आमची मराठी वन्सं आली. म्हणजे इथं कानडीण आणि तिथं मराठी. गेली कित्येक वर्षं असंच चाललं होतं आणि ही पालक निवडणारी पोर तेच विचारत होती. धोंडुबाईनं उरलेला चहा एका घोटात संपवला. जुळवून आणलेलं वाक्य तिनं सोडून दिलं.

"उद्या घरला हळदीकुंकू हाय," ती उठताना म्हणाली. "समद्यास्नी घेऊन ये."

खोल्यांमधल्या बायका सगळ्या आल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून, भांग शेंदरानं भरून आल्या, आणि पायरीवरच थांबल्या. आत कुणी कधी बोलावलंच नव्हतं, त्यामुळं चप्पल कुठं काढायची हे त्यांना कळेना. क्रांतीनं बाहेर जाऊन रिंकीचा हात धरला आणि सगळ्यांना आत घेतलं. ते बघून गावच्या बायकाही एकेक करून आल्या. काही कुतूहलानं आल्या, काही कपबशीसाठी आल्या, आणि सलमा तर सगळ्यांच्या आधीपासून बसलेली होती.

धोंडुबाई दारात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माजा पोरगा चुकीचं बोलला. मी बाहेरची. माजी सून बाहेरची. हितं बसलेली एकूणएक बाई बाहेरची. म्हणूनशान आपली मतं एका जाग्याला पडूद्यात. क्रांतीला द्या."

बायका हसल्या, कुणीतरी टाळी वाजवली. क्रांती खाली मान घालून हळद लावत होती. धोंडुबाईला वाटलं, झालं, फाटलं होतं ते शिवलं. तिला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली.

मतदानाला तिघं एकदम गेली. धोंडुबाईनं कपबशीपुढचं बटन दाबलं, शिट्टी वाजेपर्यंत दाबून धरलं. क्रांती बाहेर आल्यावर सम्राटनं शाईच्या बोटासकट तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

निकालाच्या दिवशी तो गुलालाची पोती घेऊन हातकणंगल्याला गेला. परत आला तेव्हा पोती तशीच बांधलेली होती. मोजणी झाली, फेरमोजणी मागितली, तीही झाली. क्रांती एका मतानं पडली होती. एका.

सम्राट अंगणात येऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते. मागं त्याचे दोन-चार मित्र. "बाहेरच्यांनी पाडलं," तो ओरडला. "त्यास्नी हळदीकुंकू लावलंस, कपबशा दिल्यास, आन् त्यांनी आपल्याला खड्ड्यात घातलं. आत्ताच्या आत्ता जातो आन् समद्या खोल्यांस्नी कुलपं घालतो."

"न्हाय घालायची," धोंडुबाई म्हणाली.

"का? ती काय आपली माणसं हाईत? त्यांची नाळ हितं पुरलीया?"

"तुजी कुठं पुरलीया?"

सम्राटनं वळून मित्रांकडं पाहिलं.

"इचारतीया न्हवं. तुजी नाळ कुठं पुरलीया? माज्या अव्वाच्या परड्यात, शेवग्याच्या बुडाला. कर्नाटकात. म्या डोळ्यानं बघितलंय. खोल्या रिकाम्या करायच्यात न्हवं? मग आधी ही खोली रिकामी कर." तिनं पाठीमागचं राहतं घर दाखवलं. "बांध बोचकं. खोल्या माज्या नावावर हाईत. कुलूप घालायचं का न्हाय त्ये मी ठरवणार."

मित्रांपैकी एकाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. मग त्याला आठवलं असावं की तोही घरातला थोरलाच, आणि तो एकदम गंभीर झाला. सम्राट काहीतरी पुटपुटला, बुलेटला किक मारली आणि मित्रांसकट निघून गेला. पण खोल्यांच्या रस्त्याला न जाता तो हायवेकडं वळला, हे धोंडुबाईनं बघून घेतलं.

मग तिचं अवसान गेलं. ती पायरीवर बसली. खुर्ची पुन्हा गेली होती. आता वॉर्ड कधी राखीव होणार, आणि तोवर आपण असणार की नाही, कुणास ठाऊक. एका मतासाठी. "कुणी घात केला गं?" ती म्हणाली. "एक मत फिरलं असतं तर आपण एका मतानं निवडून आलो असतो. कोण असंल ती रांड?"

क्रांती चहा घेऊन आली होती. उरलेल्या कपबशांमधूनच आणला होता. तिनं कपबशी सासूपुढं ठेवली आणि स्वतः खालच्या पायरीवर बसली.

"मी, आत्ती."

धोंडुबाईला आधी कळलंच नाही.

"म्या शिलाई मशीनचं बटन दाबलं," क्रांती म्हणाली. "मी निवडून आले असते तर त्या खुर्चीत हे बसले असते. मी सह्या केल्या असत्या. संयोगिता सोता बसंल."

धोंडुबाईच्या अंगाची आग झाली. हात उचलावा असंही एक क्षण वाटलं. "आगं, खुर्ची आपल्या घरात आली असती! मी किती वर्सं वाट बघितली तुला म्हाईत न्हाय? आन् त्या दिवशी हळदीकुंकवात समद्यांफुडं मी म्हटलं न्हवं, माजी सून बाहेरची, मी बाहेरची!"

"व्हय. मतं पायजे व्हती तवा म्हटलंसा." क्रांती तिच्याकडं न बघता म्हणाली. "सभेत तुमी टाळ्या वाजवल्यासा, आत्ती. मी शेजारी बसले व्हते."

हे असं तोंडावर दुसऱ्या कुणी बोललं असतं तर धोंडुबाईनं त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. पण तिला ती जुनी बैठक आठवली. दाराआड उभी असलेली ती, आणि आत गप्प बसलेले सासरा आणि नवरा. ते निदान गप्प तरी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

चहावर साय धरली. धोंडुबाईनं ती बोटानं बाजूला केली. राग होता, तो काही एवढ्यात जाणार नव्हता. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते हेव्यासारखं होतं. ती या गावात आल्यापासून प्रत्येक निवडणुकीला मत देत आली. आधी सासऱ्यानं सांगितलेलं, मग नवऱ्यानं सांगितलेलं, मग सम्राटनं. निशाणी कुठली ते घरातून निघतानाच ठरलेलं असायचं. कुठलं बटन दाबू, असा विचार तिनं त्या पडद्यामागं एकदाही केला नव्हता.

"बटन दाबताना भ्या न्हाय वाटलं तुला?" तिनं विचारलं.

"वाटलं की."

"मग?"

"मग दाबलं."

धोंडुबाईनं कप उचलला, बशीत चहा ओतला आणि भुरका मारला.

"पुढल्या खेपेला," ती म्हणाली, "कुठलं दाबायचं त्ये मला कुणी सांगायचं न्हाय. तू बी न्हाय."